मासळीच्या फ्रिजमधलं काश्मीर

प्रमाणित करण्यात येते की, श्री. नंदकुमार कमळाकर आरोलकर, वय एकसष्ट, व्यवसाय सेवानिवृत्ती, राहणार नेरूळ, रो-हाउस, तळमजला अधिक एक, पुढील अंगास बाग (क्षेत्रफळ: दोन खुर्च्या व एक तुळस), हे समुद्रसपाटीलगतच्या दमट व उष्ण पट्ट्यात राबविण्यात आलेल्या ट्यूलिप लागवड प्रकल्पाचे प्रवर्तक, तांत्रिक सल्लागार व शीतगृह समन्वयक आहेत. सदर व्यक्तीस बागकामाचा पूर्वानुभव: मनी प्लांट एक. (चोरून आणलेला मनी प्लांट हमखास जगतो, असा सार्वत्रिक समज आहे. सदर व्यक्तीने तो रीतसर चोरून आणला होता. मेला.) प्रकल्पाचे उद्दिष्ट: पत्नीस काश्मीर दाखविणे. प्रवासभत्ता लागू नाही.

आता साध्या भाषेत.

नंदकुमार आरोलकर मूळचे वेंगुर्ल्याचे. बेलापूरच्या एका निमसरकारी कार्यालयात कारकून म्हणून लागले आणि अधीक्षक म्हणून बाहेर पडले. मधल्या काळात त्यांनी कुणाला कधी 'नाही' म्हटलं नाही. ते 'पुढील आदेशापर्यंत' म्हणत. ही सवय माणूस संध्याकाळी ऑफिसातच ठेवून येत नाही, घरी घेऊन येतो.

त्यांच्या पत्नी जयमालाबाई. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांच्या धाकट्या बहिणीने काश्मीरहून फोटो आणले. डोंगर, तळं, आणि त्यापुढे ट्यूलिपचे पट्टेच्या पट्टे. जयमालाबाई म्हणाल्या, "आपण जाऊ या एकदा." नंदकुमार म्हणाले, "जाऊ की." आणि त्या आठवड्यात जयमालाबाईंनी एक गाजरी रंगाचा, गळाबंद, लोकरी स्वेटर घेतला.

पुढची अडचण निसर्गाची होती. काश्मिरात ट्यूलिप फुलतो तो मार्चअखेर ते एप्रिल. निमसरकारी कार्यालयात त्याच सुमाराला मार्चएन्ड फुलतो. मार्चएन्डला रजा मागणारा अधीक्षक आजवर जन्माला आलेला नाही. एप्रिलमध्ये मिळाली असती, पण एप्रिलमध्ये ऑडिट असे. अशी बरीच वर्षं गेली. मग निवृत्ती आली, आणि आता काही कारण उरलं नाही असं वाटत असताना पहिल्या मार्चात भाच्याचं लग्न निघालं, दुसऱ्यात मुलीचं, अबोलीचं, बाळंतपण, आणि तिसऱ्यात खुद्द नंदकुमारांचा गुडघा. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून चढ, बर्फ आणि निसरडी जागा या तिन्हींना मनाई केली. म्हणजे काश्मीरचं नाव न घेता त्यांनी काश्मीरच खोडलं.

जयमालाबाई भांडल्या नाहीत. त्यांनी कधीच भांडण केलं नाही. त्या फक्त दरवर्षी ऑक्टोबरच्या उन्हात तो स्वेटर कपाटातून काढायच्या, गॅलरीत वाळत घालायच्या, उलटा करायच्या, संध्याकाळी घडी घालून नव्या डांबराच्या गोळ्यांसह परत ठेवायच्या. नेरूळमध्ये स्वेटर. नंदकुमार त्या दिवशी पेपर जरा वर धरून वाचत.

गुडघ्याच्या वर्षी मात्र पेपर खाली आला. जयमालाबाई खाली बसून मेथी निवडत होत्या. वर गॅलरीत स्वेटर.

"मी काय म्हणतो," नंदकुमार म्हणाले, "आपल्याला जाता येत नाही, तर बाग इथे आणू."

"कसली बाग?"

"ट्यूलिपची."

जयमालाबाईंनी मेथीची जुडी झटकली. "आणा," त्या म्हणाल्या.

एवढंच. पण या घरात इतक्या वर्षांत 'जाऊ की' खूप वेळा झालं होतं आणि त्याचं पुढे काय होतं ते दोघांनाही पाठ होतं. 'आणा' हे नवीन होतं. त्यात तारीख मागितलेली नव्हती, म्हणून ते जास्त अवघड होतं.

नंदकुमारांनी अभ्यास केला. म्हणजे मोबाइलवर व्हिडिओ बघितले. त्यातून कळलेलं असं: ट्यूलिपचा कंद दिसतो कांद्यासारखा, पण त्याचा स्वभाव काश्मिरी असतो. त्याला तीनेक महिने कडाक्याची थंडी लागते, तरच तो वसंत आला असं समजून फूल काढतो. नेरूळमध्ये कडाक्याची थंडी फक्त फ्रिजमध्ये मिळते. तेव्हा कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवायचे, नंतर कुंडीत लावायचे, आणि रोज सकाळी मातीवर बर्फाचे तुकडे ठेवून त्यांची फसवणूक चालू ठेवायची.

"आणि एक पथ्य आहे," नंदकुमारांनी कंद आले त्या दिवशी जयमालाबाईंना सांगितलं. दोन डझन कंद डायनिंग टेबलावर मांडले होते. "फ्रिजमध्ये फळ नको. सफरचंद, केळं, काही नको. पिकणाऱ्या फळातून एक वायू निघतो. त्याने कंदाच्या पोटातली कळी आतल्या आत मरते. वरून कळत नाही. लावल्यावर पानं येतात, मस्त टरारून येतात. फूल येत नाही."

"मग मार्गशीर्षात काय करणार?"

प्रश्न बरोबर होता.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी आमच्या गल्लीत घरोघर महालक्ष्मीचा घट बसतो. घटापुढे पाच फळं. संध्याकाळी पूजा, कहाणी, आणि मग ती फळं शेजारणींना. शेजारणींची आपल्याला. शेवटच्या गुरुवारी तर प्रत्येक सवाष्णीच्या हातात एकेक फळ ठेवायचंच. त्या महिन्यात आमच्या गल्लीत सफरचंद एका घरात राहत नाही. ते फिरतं. समोरच्या श्रुती वहिनींनी एकदा आपलं सफरचंद स्टिकरवरून ओळखलं होतं; तिसऱ्या घरी जाऊन ते चौथ्या दिवशी परत आलं होतं. थोडक्यात, मार्गशीर्षात आमच्या गल्लीतला प्रत्येक फ्रिज प्रकल्पासाठी अपात्र होता.

एक सोडून. शेजारी, मधल्या भिंतीपलीकडे, नजीबभाई मुकादम राहतात. त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. गाव रायगडच्या किनाऱ्यावरचं, आणि गावाकडचे भाऊ दर आठवड्याला इतकी मासळी पाठवतात की नजीबभाईंनी तिच्यासाठी वेगळा फ्रिजच घेतला. मागच्या पडवीत असतो. त्यात सुरमई, बोंबील, कोलंबी आणि शिंपल्यातल्या तिसऱ्या. घरचा फ्रिज स्वयंपाकघरात, त्यात दूध, भाजी, फळं. दोन्ही खाती स्वतंत्र.

दिवाळीनंतर, मार्गशीर्ष लागायच्या आदल्या दिवशी, नंदकुमार ऑक्टोबरपासून घरच्या फ्रिजमध्ये असलेल्या कंदांची पिशवी घेऊन पडवीत उभे राहिले.

"नजीबभाई, एक रिक्वेस्ट होती. मासळीच्या फ्रिजमध्ये जागा मिळेल?"

नजीबभाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं. "कांदे?"

"ट्यूलिप."

"साहेब, आपल्याला काय टेन्शन नाही. पण वास मारंल हां. बोंबलाशेजारी काय पण ठेवा, बोंबीलच होतो त्याचा."

"वास चालेल. सफरचंद चालणार नाही."

"सुरमईला सफरचंदाचा नाद नाही साहेब. ठेवा."

अशा रीतीने कंदांची बदली झाली. घरी जयमालाबाईंनी विचारलं, "कुठे ठेवलेत?"

"नजीबभाईंकडे."

"फ्रिजात?"

"त्यांच्याकडे दोन आहेत," नंदकुमार म्हणाले. उत्तर पूर्ण खरं होतं. माहितीच्या अधिकारात असंच उत्तर देतात.

खरं सांगायला अडचण एवढीच होती की जयमालाबाईंनी कंद आले त्याच दिवशी जाहीर केलं होतं: पहिलं फूल देवीला. देवीला वाहायचं फूल बोंबलाच्या मांडीला मांडी लावून बसलंय, हे मार्गशीर्षात कुणाला सांगवत नाही. त्यात आरोलकरांच्या घरात महिनाभर मासळी बंद. आमच्याकडे बहुतेक घरांत असते. वेंगुर्ल्याच्या माणसाला हा महिना लांब वाटतो.

नंदकुमार रोज संध्याकाळी तापमान बघायला जाऊ लागले. शर्टाच्या खिशात थर्मामीटर. फ्रिजमध्ये चार अंश आहेत की पाच, हे बघायला माणसाला किती वेळ लागावा? त्यांना पाऊण तास लागे.

"साहेब, आधी थर्मामीटर का आधी बोंबील?" नजीबभाई विचारायचे.

"आधी पाहणी," नंदकुमार म्हणायचे आणि पाटावर बसायचे.

नजीबभाईंच्या बायको, सफियाभाभी, कुरकुरीत बोंबील पानात वाढायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. "भाऊ, कंद बरं हायत ना?"

"उत्तम आहेत. अजून एक वाढा."

घरी परत आल्यावर ते हात साबणाने दोनदा धूत. त्या दिवसांत साबणाची वडी लवकर संपली, तेव्हा जयमालाबाईंनी दुसरी आणून ठेवली.

दुसऱ्या गुरुवारच्या आदल्या दिवशी पुण्याहून अबोलीचा फोन आला. तिच्या मुलीचं पाळणाघर अचानक बंद झालं होतं आणि अबोलीला सुट्टी नव्हती. जयमालाबाईंचा घट बसलेला, त्या हलणार नव्हत्या. नंदकुमार गेले. जाताना पडवीत एक शेवटची पाहणी करून गेले. मार्गशीर्ष संपेपर्यंत ते पुण्यात नातीला घोडा-घोडा करून दाखवत होते. गुडघ्याला त्याची मनाई नव्हती. डॉक्टरांना कल्पना नव्हती.

इकडे दुसऱ्या गुरुवारी पूजा झाल्यावर जयमालाबाईंनी फळांची एक परडी सफियाभाभींकडे नेली. आपले कंद महिनाभर सांभाळणारं घर फळांतून वगळायचं, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. दोघी बसल्या. चहा झाला. बोलता बोलता जयमालाबाई म्हणाल्या, "पहिलं फूल आलं ना, की देवीला वाहणार आहे मी. किती वर्षांनी काहीतरी येतंय घरात."

सफियाभाभींनी कप खाली ठेवला. त्या "बरं बरं" म्हणाल्या. देवीचं फूल त्यांच्या पडवीत तिसऱ्यांच्या पिशवीखाली होतं. ताईंना हे सांगायचं कसं? आणि न सांगता तसंच राहू द्यायचं कसं?

जयमालाबाई घरी गेल्यावर त्यांनी लगेच कामाला सुरुवात केली. मासळीच्या फ्रिजमधून पिशवी काढली. कोपऱ्यात फाटली होती, ओली होती, ती टाकून दिली. एकेक कंद स्वच्छ फडक्याने पुसला. कोरा स्टीलचा डबा काढला, त्यात कंद ठेवले, आणि तो डबा घरच्या फ्रिजमध्ये सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. शेजारी जयमालाबाईंची परडी. सफरचंदं, केळी, डाळिंब, चिकू. दोन्ही वस्तू देवीच्या, तेव्हा दोन्ही एकाच जागी, मानाच्या जागी. पुढच्या गुरुवारी आणखी एक परडी आली. तीही तिथेच.

नंदकुमार पुण्याहून आले ते पिशवी खांद्यावरून उतरवायच्या आधी पडवीत. मासळीचा फ्रिज उघडला. सुरमईचा डबा, कोलंबी, बोंबील. कंद नाहीत.

"नजीबभाई, कंद कुठायत?"

"मला काय माहीत? मी तर हातपण लावला नाही. सफिया!"

सफियाभाभी आल्या त्या हसतच. "भाऊ, या इकडं." त्यांनी घरचा फ्रिज उघडला. वरच्या फळीवर स्टीलचा डबा लखलखत होता. एका बाजूला सफरचंदं, दुसऱ्या बाजूला केळी, तीही आता चांगलीच पिकलेली. फ्रिजमधून गोड वास आला. "ताई बोलल्या, फूल देवीचा हाय. मना मग बरा नाय वाटला, मासल्यात ठेवायला. पुसून ठेवलंय सगलं. बरोबर केला ना?"

नजीबभाईंनी नंदकुमारांकडे पाहिलं. त्यांना सफरचंदाची अट आठवत होती. त्यांनी बायकोला काही सांगायला तोंड उघडलं.

"एकदम बरोबर केलंत भाभी," नंदकुमार घाईने म्हणाले. "आमच्या घरात इतकं नीट कुणी ठेवलं नसतं."

हे मात्र ते अधीक्षकासारखं बोलले नाहीत.

सफियाभाभी चहा टाकायला वळल्या. दोघे पडवीत आले. नजीबभाई हळूच म्हणाले, "गेले का सगळे?"

"दोन आठवडे सफरचंदांत. गेलेच म्हणायचे."

"मग आता?"

"आता काय. लावायचे. पानं तरी येतील."

नजीबभाईंनी उगाच मासळीचा फ्रिज उघडला, काहीतरी करायचं म्हणून. सुरमईचा डबा पुढे ओढला. मागच्या बाजूला, फाटक्या पिशवीतून कधीतरी सांडलेले तीन कंद पडले होते. थंड, कोरडे, सफरचंदाचं तोंड न बघितलेले.

"साहेब," नजीबभाई म्हणाले, "तुमचं काश्मीर."

जानेवारीच्या सुरुवातीला लागवड झाली. डब्यातले कंद लांबट कुंड्यांत, भिंतीच्या सावलीत. ते तीन वेगळ्या कुंडीत, तुळशीपासून जरा लांब. जयमालाबाईंनी विचारलं, "हे तीन वेगळे का?"

"नमुन्यादाखल."

रोज सकाळी नंदकुमार मातीवर बर्फ ठेवू लागले. येणारे-जाणारे थांबायचे. श्रुती वहिनी म्हणाल्या, "काका, झाडांना लिंबू-सरबत देताय का?" कोपऱ्यावरचे शिवतेज देसाई रोज फिरायला जाताना ओरडायचे, "आरोलकर, कांद्याला भाव चांगलाय, काढा आता!" नंदकुमार हात वर करायचे. तीन आठवड्यांत पानं आली. रुंद, निळसर हिरवी, टवटवीत. गल्ली बघायला आली. फोटो निघाले. जयमालाबाई रोज सकाळी अंगणात येऊन पानांच्या बेचक्यात वाकून बघत आणि आत जात. नंदकुमारांना माहीत होतं की त्या बेचक्यात काही नाही. सफियाभाभीही भिंतीवरून विचारत, "भाऊ, कली आली का?" आणि नंदकुमार म्हणत, "वेळ आहे अजून."

त्यांना दोघींपैकी कुणालाच खरं सांगता येईना. एकीला सांगावं तर दुसरीचा अपराध निघतो. अपराध, तोही मान राखण्याचा. अशा प्रकरणात कोणता नियम लावायचा, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं. फाइल त्यांनी स्वतःकडेच ठेवली.

फेब्रुवारी लागला तशी लांबट कुंड्यांतली पानं टोकाकडून पिवळी पडायला लागली. त्या एका वेगळ्या कुंडीतला एक कंद कुजला. दुसऱ्याला एकच पान आलं आणि तेवढ्यावर त्याने समाधान मानलं. तिसऱ्याच्या पोटात एके दिवशी हिरवट, बोटाच्या पेराएवढं काहीतरी दिसलं. नंदकुमार दिवसभर खुर्ची टाकून तिथेच बसले. जेवायलाही तिथेच. ऊन सरकलं की कुंडी सरकवायची, कुंडी सरकवली की बर्फ.

चार-पाच दिवसांनी सकाळी ते फुललं. लाल. काश्मिरात हातभर देठावर डोलतं म्हणतात; याचा देठ बोटभर. पानांतून मान वर काढून फूल जेमतेम बाहेर बघत होतं. पण ट्यूलिप होतं. त्याबद्दल वाद नव्हता.

जयमालाबाई अंघोळ करून, हातात ताम्हन घेऊन बाहेर आल्या. ताम्हनात हळदकुंकू, निरांजन. त्यांनी फुलाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तोडायला हात पुढे केला.

"जयमाला, थांब."

त्या थांबल्या.

"हे फूल तुला देवीला वाहायचंय. पण आधी सांगायला हवं." नंदकुमारांनी कुंडीकडे बोट दाखवलं. "हा कंद मासळीच्या फ्रिजमधला आहे. सुरमईच्या मागे होता. सगळेच तिथे होते आधी. मी सांगितलं नाही. बाकीचे..." इथे ते अडले. "बाकीचे नाही आले. ते माझंच चुकलं काहीतरी."

जयमालाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुमचं काही चुकलं नाही. सफियाने फळांशेजारी ठेवले म्हणून गेले."

"तुला कुणी सांगितलं?"

"तिनेच. तुम्ही पुण्याहून आलात त्याच रात्री. नजीबभाईंच्या पोटात राहिलं नाही. बिचारी रडत होती माझ्याकडे येऊन. म्हटलं, फळं माझीच होती, तू कशाला रडतेस?"

"मग मला का बोलली नाहीस?"

"तुम्ही तिला सांभाळून घेत होतात. म्हटलं घेऊ दे. तिलाही सांगितलं, तू आपली कळीचं विचारत राहा." त्यांनी ताम्हन दुसऱ्या हातात घेतलं. "आणि मासळीचं म्हणाल तर दोन दोनदा हात धुऊन येत होतात, तेव्हाच कळलं मला कुठला फ्रिज ते."

नंदकुमारांनी कुंडीतला उरलेला बर्फ बाजूला केला. "मग देवीला हे चालेल?"

"अहो, लक्ष्मी समुद्रातूनच वर आली ना? तिला सुरमईचं काय नवल?"

मग त्यांनी फूल तोडलंच नाही. एकुलतं एक, आणि तेही एवढ्याशा देठावर. कुंडीला हळदकुंकू लावलं, निरांजन ओवाळलं, आणि भिंतीकडे तोंड करून हाक मारली, "सफिया! ये गं, आलं फूल!"

सफियाभाभी पिठाच्या हातांनीच आल्या. मागून नजीबभाई. सफियाभाभींनी फूल पाहिलं, मग जयमालाबाईंकडे पाहिलं, आणि दोघी हसायला लागल्या. एवढं कशाला हसताहेत ते पुरुषांना कळेना.

"थांबा हां," जयमालाबाई म्हणाल्या आणि वर गेल्या. खाली आल्या तेव्हा अंगात गाजरी स्वेटर होता. गळ्यापर्यंत बटणं लावलेली. घडीच्या खुणा तशाच, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. थोडा घट्ट झाला होता.

"अहो, फोटो काढा. कुंडी दिसायला नको."

नंदकुमारांच्या प्रत्येक फोटोत कुंडी येत होती, म्हणून फोन नजीबभाईंनी घेतला. कुंडी वगळायची, पाण्याची टाकी वगळायची, शिवतेज देसाईंची वाळत घातलेली पॅन्ट वगळायची. शेवटी ते सरळ जमिनीवर आडवे झाले. फोटोत एक लाल फूल आलं, स्वेटरमधल्या जयमालाबाई आल्या, आणि वर नुसतं आभाळ.

तो फोटो त्यांनी माहेरच्या ग्रुपवर टाकला. धाकट्या बहिणीने लगेच विचारलं, "अगं, काश्मीरला गेलीस आणि सांगितलं नाहीस?" जयमालाबाईंनी तिला हात जोडलेला इमोजी पाठवला आणि फोन बंद केला. स्वेटर मात्र त्यांनी दुपारच्या जेवणापर्यंत काढला नाही. कपाळावरचा घाम पदराने टिपत त्या अंगणातल्या खुर्चीवर बसून राहिल्या, आणि दुसऱ्या खुर्चीवर नंदकुमार.

तरी, उपलब्ध छायाचित्राच्या आधारे असे प्रमाणित करण्यात येते की, प्रकल्पाचे उद्दिष्ट पूर्णांशाने साध्य झाले असून, श्री. आरोलकर यांनी पत्नीस काश्मीर, तेथील शीत हवामानासह, दाखविले आहे.

त्या दुपारी नेरूळमध्ये तेहतीस अंश होतं.